तिसरी मोटर, चौथी मोटर

अल-घुबैरा या आमच्या गावात तिला तोंडावर झियाना म्हणतात आणि पाठ फिरली की फिलफिल. फिलफिल म्हणजे मिरी. हे नाव तिला माहीत आहे, ते कोणी ठेवलं तेही माहीत आहे, आणि त्या माणसाच्या बागेत ती गेली सहा वर्षं पाऊल टाकत नाही. तिचा राग नाकावर असतो असं गाव म्हणतं, पण गाव अर्धंच बोलतं. नाकावरचा राग शिंकेसरशी निघून जातो. हिचा राग पोटात कायमचा मुक्कामाला आहे, त्याला बाहेर यायला फक्त कारण लागतं. आणि कारणं पुरवायला आमचं गाव कधी कमी पडलेलं नाही.

पहिलं कारण बाराव्या वर्षी मिळालं. बाप हुमैद हा बीदार, म्हणजे दुसऱ्यांच्या खजुरीच्या बागा राखणारा. मुलगा नाही, ही एकच पोर, म्हणून तो हिलाच बरोबर न्यायचा. फेब्रुवारीत मादी झाडांच्या फुलोऱ्याच्या पोयी फुटायला लागल्या की कमरेभोवती दोर टाकून झाडावर चढायचं, काटे बाजूला सारायचे, नर झाडाच्या फुलांच्या चार काड्या मादीच्या पोयीत खोचायच्या, वर दोरा बांधायचा आणि उतरायचं. मग पुढचं झाड. पोय फुटल्यापासून चार-पाच दिवसांत हे झालं नाही तर त्या घडाला फळ धरत नाही. झियाना यात बापाच्या बरोबरीने चालायची. मग एक दिवस आत्या बागेत आल्या आणि खालून ओरडल्या, "उतर गं खाली! झाडावरच्या पोरीला कोण नवरा नेणार?" ती दुपारपर्यंत उतरली नाही. शेवटी हुमैद वर चढला, तिचा दोर आपल्या दोराला बांधला आणि तिला खाली आणलं. बहिणींना त्याने एक शब्दही सुनावला नाही. याचा राग तिला अजून आहे.

नवरा मिळाला, मस्कतचा, सरकारी कचेरीतला. संसार अकरा महिने टिकला. बायको कमी बोलणारी असावी असं त्याचं म्हणणं होतं. तेव्हा तिने बोलणं बंद केलं आणि त्याचा बंद पडलेला पाण्याचा पंप, खोलीतला एसी आणि मोटारीचा सेल्फ एकामागून एक दुरुस्त केला. ते त्याला बोलण्याहून जास्त झोंबलं. ती परत आली, मुलींच्या शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागली आणि गेली पंधरा वर्षं तारा, बॅटऱ्या आणि काचेच्या नळ्या सांभाळते आहे.

हुमैद चौसष्टाव्या वर्षी खलास जातीच्या एका उंच झाडावरून पडला. खुबा मोडला. आता तो दोन काठ्यांवर चालतो आणि अंगणातल्या आंब्याखाली बसून आल्यागेल्याला नावं ठेवतो. तो असा घरी बसल्यावर बागांना बीदार मिळेना. गावातल्या तरण्या पोरांना झाडावर चढायचं म्हटलं की चक्कर येते. त्यांची सगळी चढाई गाडीच्या सीटवर. झाडं तशीच राहायला लागली, घड पोकळ निघायला लागले, आणि म्हाताऱ्याचा जीव तळमळायला लागला. "नऊशे झाडं," तो म्हणायचा, "माझ्या हातची नऊशे झाडं वांझ ठेवताहेत हे नालायक!"

तेव्हा झियानाने ड्रोन आणलं. बाजारातलं तयार ड्रोन तसं देखणं होतं, पण खजुरीच्या झावळ्यांत शिरलं की पाती अडकायची. तिने त्याचे पुढचे दोन हात काढून टाकले आणि त्या जागी लांब, फाकलेले हात स्वतः करून लावले. मध्ये पुढे काढलेली एक नळी, नळीच्या मुळाशी परागाची डबी. नळी पोयीच्या तोंडाशी न्यायची आणि फुंकर मारायची, झालं काम. कागदावर सगळं ठीक होतं. प्रत्यक्षात यंत्र उचललं की ते नाक खाली घालून, अंग तिरकं करून कुठेतरी भरकटायचं.

कारण उघड होतं. यंत्राच्या पोटातल्या बोर्डाला वाटत होतं की आपले चारही हात सारखे आहेत. बोर्डात एक तक्ता असतो, त्याला मिक्सर म्हणतात, चटणीचा नव्हे. चार मोटरी, चार ओळी, आणि दर ओळीत चार आकडे: यंत्र उचलायचं तर या मोटरीचा वाटा किती, डावीउजवीकडे कलायचं तर किती, पुढेमागे झुकायचं तर किती आणि जागच्या जागी वळायचं तर किती. उडवणारा हातातली दांडी हलवतो, पण कोणत्या मोटरीने किती जोर लावायचा हे तो तक्ता ठरवतो. चारही ओळींत सारखेच आकडे होते, अधिक-उणे चिन्हांचा काय तो फरक. झियाना त्या आकड्यांपुढे पंधरा दिवस बसली. बदलून बघायची, यंत्र पडायचं, ती यंत्राला शिव्या द्यायची. एकदा पाना भिंतीवर फेकला. तिथला पोपडा अजून निघालेला आहे.

"काय लिहिलंय त्यात एवढं?" हुमैदने आंब्याखालून विचारलं.

"तुम्हाला काय कळणार आहे?"

"वाच तर खरी."

तिने चिडून वाचून दाखवलं. म्हाताऱ्याने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "अगं, ही तर फलजची पाळी."

फलज म्हणजे डोंगरातून गावात येणारा पाण्याचा पाट. कोणत्या बागेला किती वेळ पाणी, हे बापजाद्यांपासून ठरलेलं आहे.

"मशिदीजवळच्या बागेला अर्धा तास आणि अगदी शेवटच्या बागेलाही अर्धाच तास दिला तर शेवटच्याच्या हाती काय लागेल?" हुमैद म्हणाला. "चिखल. सारखा वाटा म्हणजे न्याय, असं फक्त मशिदीजवळचा म्हणतो. अंतर मोज आणि मग वाटा लिही. वजन पुढे आहे ना? मग उचलायचा भार पुढच्या दोघींवर जास्त टाक."

झियानाने शिवणाची टेप आणली. यंत्राचा तोल जिथे साधतो तिथपासून प्रत्येक मोटर किती पुढे, किती मागे, किती बाजूला, सगळं मोजलं. रात्रंदिवस नाही, एका दुपारीच गणित झालं. संध्याकाळी यंत्र अंगणात पाण्याच्या टाकीइतकं उंच जाऊन ठाम उभं राहिलं. हुमैदने काठी आपटून "माशाअल्लाह!" म्हटलं, आणि झियाना इतकी खूश झाली की त्या दिवशी ती कोणावरच ओरडली नाही.

महिनाभर तिने घरची झाडं आणि शेजारच्या म्हाताऱ्या मौझाची झाडं या यंत्राने केली. बातमी बागायतदार संघापर्यंत गेली. संघाचा अध्यक्ष खल्फान बिन मुसल्लम. याचं पोट आणि याचं मत, दोन्ही नेहमी पुढे. संघाने त्या हंगामासाठी शहरातल्या एका कंपनीला बोलावलंच होतं. त्यांचा इंजिनियर मुंधिर हा आमच्याच खोऱ्यातला, पण शिकून शहरी झालेला. त्यांची मोठी ड्रोनं उंचावरून बागेवर पराग उधळायची. निम्मा पराग वाऱ्याबरोबर पलीकडच्या वाळवंटाला. आता गावात दोन यंत्रं झाली आणि नऊशे झाडं एकालाच मिळणार होती. झियानाला ती हवी होती. बापाची झाडं बापाच्या घरात परत यावीत, एवढंच. खल्फानने सांगितलं, मंगळवारी सकाळी आठला करून दाखव.

त्याआधी वाळूने मोटरी खरखरायला लागल्या होत्या, म्हणून तिने चारही नव्या बसवल्या. हुमैद म्हणाला, "मला काहीतरी दे करायला. हात गंजलेत." तिने त्याला नंबर लावायचं काम दिलं: चारही हातांवर कापडाच्या पट्ट्या चिकटवून एक, दोन, तीन, चार लिहायचं आणि तीच पट्टी त्या त्या हाताच्या तारेलाही बांधायची. म्हाताऱ्याने चष्मा पुसून दोन तास घेतले. पट्ट्या अशा चिकटवल्या की चाकूनेच निघाव्यात. झियानाने पट्टी बघून एक नंबरची तार एक नंबरच्या जागी, दोनची दोनच्या जागी अशा सोल्डर केल्या.

नव्या मोटरी बसवल्या की उडवण्याआधी एक तपासणी असते. पाती काढून ठेवायची आणि एकेक मोटर एकटी फिरवून बघायची. एक म्हटलं की कोणती फिरते, दोन म्हटलं की कोणती. पाच मिनिटांचं काम. ते तिने मंगळवारी सकाळी सातला करायचं ठरवलं होतं.

खल्फान साडेसहाला आला. बरोबर दहा-बारा माणसं, मुंधिर आणि कॉफीची किटली. झियाना अजून भाकरी भाजत होती. खल्फानने अंगणात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बायकांचं काम. वेळ लागायचाच."

झालं! पोटातला मुक्कामी बाहेर आला. तिने भाकरी तव्यावर तशीच सोडली, यंत्र उचललं, पाती घट्ट केली आणि म्हणाली, "शेख, तुमची घाई आहे ना? मग बघा."

यंत्र जमिनीपासून गुडघाभर उठलं, डावीकडून थरथरलं, गर्रकन फिरलं आणि उताणं पडलं. दोन पाती मोडली. डबी फुटली आणि एका अख्ख्या नर झाडाचा पिवळा पराग खल्फानच्या पांढऱ्याशुभ्र, पायघोळ दिशदाशावर बसला. माणसं इतकी हसली की एकाने कॉफी सांडली. खल्फान मात्र हसला नाही. मुंधिरने यंत्र हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाला, "पुढचे हात कमकुवत आहेत. घरगुती काम आहे, चालायचंच."

"गुरुवारी सबल्यात बसून ठरवू," खल्फान कपडे झटकत म्हणाला. सबला म्हणजे गावच्या बैठकीची खोली.

ते दोन दिवस झियानाच्या घरावरून कावळाही उडाला नसेल. घरगुती काम! तिने त्या हातांवर स्वतः उभं राहून बघितलं होतं, ते वाकले नव्हते. उंटावरचा शहाणा! पंधरा सेकंद हातात धरून निदान करतो. खल्फान तर खल्फान. त्याला झाडं कोणाची का होईना, फोटो त्याचा हवा. शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी सहज विचारलं, "ऐकलं, काल काहीतरी पडलं म्हणे?" तर झियाना म्हणाली, "हो, या शाळेचा निकाल."

तिने तक्ता बारा वेळा तपासला. एकही आकडा चुकला नव्हता. बुधवारी दुपारी, खूप आधीच करायला हवं होतं ते तिने शेवटी केलं. उरलेली पाती काढली आणि मोटरी एकेक करून फिरवल्या.

एक: मागची उजवी. बरोबर.

दोन: पुढची उजवी. बरोबर.

तीन. पुढची डावी फिरली.

तिला वाटलं आपणच चुकीचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा पुढची डावी. चार दाबलं, तर मागची डावी.

बोर्डाची मोजणी वेगळी असते. उजवी मागची, उजवी पुढची, मग उडी मारून डावी मागची आणि शेवटी डावी पुढची. तिच्या चार ओळी त्या क्रमाने लिहिलेल्या होत्या. म्हणजे पुढच्या लांब हाताचे आकडे मागच्या आखूड हाताला मिळाले आणि मागच्याचे पुढच्याला. उताणं पडणार नाही तर काय होणार?

तिने पट्ट्यांकडे बघितलं. बापाचं अक्षर, थरथरतं पण टपोरं. आणि तिच्या लक्षात आलं की म्हातारा कसा मोजत गेला. बैठकीत कॉफी जशी फिरते तशी. उजवीकडून सुरू करायचं आणि रांगेने पुढे जायचं: एक, दोन, तीन, चार, कोणालाही न टाळता. आमच्याकडे कोणी किटली घेऊन दुसऱ्या माणसावरून एकदम कोपऱ्यातल्या चौथ्यावर उडी मारली, तर मधला तिसरा माणूस त्या घरी पुन्हा येणार नाही. दोन घरांत यावरून सोयरीक मोडलेली मला माहीत आहे. हुमैदच्या डोक्यात दुसरी मोजणी शिरणारच कशी? आणि झियानाने त्याला सांगितलं नव्हतं. तिला स्वतःला बोर्डाची उडी इतकी अंगवळणी पडली होती की सांगायचं सुचलंच नाही.

पण हे शहाणपण नंतरचं. त्या घडीला तिच्या डोक्यात एकच जाळ होता. दोन तास चष्मा पुसत बसले, आणि एवढं एक काम! दोन दिवस ती मुंधिरला शिव्या देत होती, खल्फानला देत होती, शाळेतल्या बाईंना टोचत होती, आणि चूक घरातच, आंब्याखाली! तिने मोडकं पातं मुठीत धरलं आणि अंगणात निघाली.

आंब्याखाली हुमैदसमोर मौझा बसली होती. तिची वरात खजुरांच्या ताटलीसकट आली होती. हुमैद तिला सांगत होता, "तो पोरगा म्हणतो हात कमकुवत. असतील. हात तिने केलेत. पण मोजणी माझी आहे. मोजणीत हुमैद चुकत नाही. पन्नास वर्षं नऊशे झाडं मोजली, एक झाड दोनदा झालं नाही की एक सुटलं नाही. आता पाय गेले, पण अजून घरात माझ्यावाचून अडतं, बघ. नंबर लावायला तिने मलाच बोलावलं."

"मग पडलं कसं?" मौझाने विचारलं.

"तापट आहे ना ती. तापट माणसाचं यंत्रही तापट."

झियाना दारात उभी होती. तिचं तोंड उघडलेलं होतं. ते तिने मिटलं, मागे वळली आणि वाटेतल्या बादलीला अशी लाथ मारली की मौझा दचकून म्हणाली, "काय झालं गं?"

"काही नाही," झियाना आतून ओरडली. "बादली वाटेत होती!"

गुरुवारी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर ती सबल्यात गेली. बायका तिथे सहसा जात नाहीत. तिला अडवायची हिंमत कोणी केली नाही. हुमैदला तिनेच पिकअपमधून आणलं होतं. तो ठेवणीतला दिशदाशा घालून, दोन्ही काठ्या मांडीवर आडव्या ठेवून बसला. कॉफी उजवीकडून फिरली. यंत्र मध्ये सतरंजीवर होतं, नवी पाती लावलेलं.

मुंधिर उठला. "आधी माझं चुकलं ते सांगतो," तो म्हणाला. "हात कमकुवत आहेत म्हणालो होतो. आज नीट बघितले. हात दणकट आहेत, माझ्या कंपनीच्या हातांपेक्षा चांगले आहेत. दोष तारांच्या क्रमात आहे. तीन आणि चारची अदलाबदल झाली आहे. ज्याने हे नंबर लावले त्याने..."

आंब्याखालची बढाई सगळ्या गावाने ऐकली होती. दहा-बारा माना हुमैदकडे वळल्या. म्हाताऱ्याने काठ्या घट्ट धरल्या.

"तारा बरोबर आहेत!" झियाना म्हणाली.

"कशा बरोबर?" मुंधिर म्हणाला. "तीन नंबर मागच्या डावीला हवा."

"कोणी सांगितलं?"

"बोर्डात तसंच असतं."

"बोर्ड काय आकाशातून उतरलाय? बोर्डाला तीन म्हणजे कोण हे आपण सांगतो. तिसऱ्या ओळीत जिचे आकडे लिहाल ती तिसरी. आमच्या घरात उजवीकडून रांगेने मोजतात. तारा त्या मोजणीने लावल्या, आणि मी ओळी लिहिल्या परक्याच्या मोजणीने. चुकल्या त्या ओळी. इंजिनियर आहात ना? सांगा, ओळी बदलल्या तर चालेल की नाही?"

तारा उपटून पुन्हा लावा किंवा तक्त्यातल्या दोन ओळी वरखाली करा, यंत्राला दोन्ही सारखंच, हे मुंधिरला तिच्याइतकंच ठाऊक होतं. त्याने कापडी पट्टीवरचं थरथरतं अक्षर बघितलं, मग म्हाताऱ्याच्या काठ्यांवरचे हात बघितले. "चालेल," तो हळू आवाजात म्हणाला. "बरोबर आहे. ओळीच चुकल्या आहेत."

दोन दिवस शिव्या दिलेल्या माणसाचे मनात आभार मानावे लागणं यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही. झियानाने त्याच्याकडे बघणं टाळलं.

"हे ओळीबिळी मला कळत नाही," खल्फान म्हणाला. "चूक कोणाची? एक नाव सांगा."

"माझी," झियाना म्हणाली. "ओळी माझ्या. आणि उडवण्याआधी मोटरी एकेक फिरवून बघायच्या असतात, तेही मी केलं नाही."

"का नाही केलं?"

"तुम्ही दीड तास आधी येऊन टोमणा मारलात, म्हणून डोकं फिरलं."

सबल्यात हशा पिकला. झियाना हसली नाही. तिने लॅपटॉप उघडला, तिसरी ओळ चौथीच्या जागी आणि चौथी तिसरीच्या जागी लिहिली, पाती काढली, मोटरी एकेक फिरवून सगळ्यांना दाखवल्या, पाती पुन्हा लावली आणि यंत्र बाहेरच्या चौकात नेलं. ते उठलं आणि माणसाच्या छातीइतक्या उंचीवर थांबलं. वारा होता, तरी हललं नाही. तिने नळी चौकातल्या खजुरीच्या एका पोयीपाशी नेऊन एक फुंकर मारली आणि यंत्र परत आपल्या पायांशी उतरवलं.

सगळे आत आले. खल्फानने दाढीवरून हात फिरवला. "यंत्र चांगलं आहे," तो म्हणाला. "असं यंत्र मी पाहिलेलं नाही. पण पोरी, तू स्वतःच्या तोंडाने सांगितलंस. राग आला की तुला तपासायचं सुचत नाही. आज अंगणात पडलं, उद्या कोणाच्या डोक्यावर पडेल. नऊशे झाडं मी अशा हाती देऊ शकत नाही. या हंगामाला कंपनी करेल. पुढच्या वर्षी बघू."

झियानाच्या जिभेवर सगळं खरं तयार होतं. चार शब्द पुरले असते. तपासणी चुकली ती तिची, पण नंबरच उलटे लागले होते हे सांगितलं असतं तर खल्फान निदान विचारात पडला असता, चार माणसं तिच्या बाजूने बोलली असती. मुंधिर चुळबुळत म्हणाला, "शेख, यात आणखी एक..." तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने वाक्य तिथेच सोडलं. मग तिने बापाकडे बघितलं. तो समोर सतरंजीकडे बघत होता, मान खाली, ओठ घट्ट. तिने यंत्र कडेवर उचललं आणि म्हणाली, "चला बाबा."

पिकअप सबल्यापासून निघाली, पाटाच्या कडेने चालली. दोन्ही बाजूंना ती नऊशे झाडं. काहींच्या पोयी फुटून पांढऱ्या दिसत होत्या. चार दिवसांत त्यांच्यावर उंचावरून पराग उधळला जाणार होता, बसला तर बसला. हुमैद बाहेर बघत होता. मग बोलायला लागला.

"चूक केलीस ती केलीस. पण चार माणसांत माझी मान खाली घातलीस."

झियाना समोर बघत होती.

"मी तुला नंबर नीट लावून दिले होते. तो शिकलेला पोरगाही म्हणाला, तारा बरोबर आहेत म्हणून. ऐकलंस ना? तुला फक्त चार ओळी लिहायच्या होत्या. चार! मी एवढ्या म्हातारपणी चष्मा पुसून पुसून काम केलं, आणि तू..." त्याने बाहेरच्या झाडांकडे हात केला. "माझी झाडं होती ती, झियाना. पन्नास वर्षं माझी होती. परत येत होती, आणि तू घालवलीस."

तिने ब्रेक मारला. गाडी पाटाच्या काठाशी गचकन थांबली, मागे यंत्र खडखडलं. तिच्या डोक्यात काय काय आलं असेल ते लिहायला नको. बापाबद्दल तसं बोलू नये. पाटाचं पाणी बाजूने जात होतं.

"पुढच्या वर्षी ओळी लिहिशील तेव्हा मला शेजारी बसव," हुमैद म्हणाला. "मी एकेक वाचून घेईन. तुझ्यावर सोडायचं नाही आता." मग जरा थांबून, बिचकत विचारलं, "रागावलीस?"

"नाही," झियाना म्हणाली, आणि दात इतके आवळलेले होते की तो एक शब्द कसाबसा बाहेर पडला. तिने गिअर टाकला. "पुढच्या वर्षी तुम्हीच वाचा, बाबा."